देवरावची टाकी

हुडकेश्वर भागातल्या घरामागं देवरावची निळी टाकी होती. घरातलं उष्टं-खरकटं तिच्या पोटात जाई, आतले जंतू ते कुजवून गॅस करत आणि त्या गॅसवर घरचा चहा होई. ज्योत भारी मंद. उकळी यायला एवढा वेळ लागे, की घुम्या देवरावलाही तोवर बायकोशी बोलावंच लागे. संसारातलं त्यांचं बहुतेक बोलणं त्या शेगडीपुढचंच.

"दिवसाले एक बादली, त्याच्यावर नाही," तो प्रेमलताला बजावे. "जंतूंलेही पोट असते वं." थंडीत टाकीला गोधडी गुंडाळी.

"मले कधी घातली का इतक्या मायेनं?" ती म्हणे.

देवराव गेला. टाकी जगवायची, एवढं एकच तिनं मनाशी धरलं. सुतकातही बादली चुकवली नाही.

तेरवीला माणसं आली, जेवली. दुःख बेताचं होतं, स्वयंपाक मात्र भरपूर. बुंदी, वरण, भात, सगळं उरलं. वर कळमन्याच्या बाजारातल्या अडत्यानं पाठवलेल्या संत्र्यांची सालं. चुलतदीर गोविंदाला अन्न फेकवेना.

"भाऊच्याच टाकीत जाऊ द्या," तो म्हणाला. "त्याच्याच पोटाले लागन."

सगळ्यांचे डोळे पाणावले. इतकं स्वस्त पुण्य कोण सोडतो?

प्रेमलता आतल्या खोलीत, बायकांच्या घोळक्यात. त्या दिवशी विधवेनं उठायचं नसतं. मागं झाकण वाजलं. बादली वाजली, पुन्हा वाजली. तिला कळलं. ती अर्धी उठलीसुद्धा.

"बस वं बाई, रडून घे," म्हणत शेजारच्या रंभाबाईनं तिला खाली ओढलं.

ती बसली. बादली वाजत राहिली.

दोन-तीन दिवसांत टाकीला आंबट वास सुटला. गॅस यायचा, पण पेटायचा नाही.

"जास्त झालं, आई. जंतू मेले," मिहानमधल्या कंपनीत नोकरी करणारा मुलगा दुर्गेश म्हणाला. "शेण आणून टाकतो. महिन्याभरात पेटन."

"पेटन. पण ते तुया बाबाचे नसतीन."

"जंतू का कोनाचे असतेत वं?"

त्यानं सिलिंडर जोडून दिलं.

सकाळी प्रेमलतानं चहा ठेवला आणि सवयीनं शेगडीपुढच्या पाटावर टेकली. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तोवर चहा उतू गेला होता.