नुसता स्टँड म्हणाल तर याद राखा

मी एक जुनी बैठक आहे. गाण्याची बैठक नव्हे, आणि पाहुण्यांनी बसायचीही नव्हे. मी दुर्बिणीची बैठक. दुर्बीण जिच्यावर बसते, जिच्यामुळे ती वळते, वाकते आणि मुख्य म्हणजे न हलता राहते, ती मी. लोक मला 'नुसता स्टँड' म्हणतात. मित्रांनो, तुम्ही तसं म्हणू नका. म्हणाल तर मी ऐकून घेणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

माझा जन्म एका सुताराच्या दुकानात झाला. तो कपाटं करायचा. शाळेत विज्ञान शिकवणारे एक सर त्याच्याकडे हाताने काढलेली आकृती घेऊन आले. कपाटांचं उरलेलं प्लायवूड कोपऱ्यात पडलं होतं. त्यातून खाली एक गोल पाट झाला, पाटाला तीन ठेंगणे पाय आणि पाटावर गोल फिरणारी एक उघडी पेटी. पेटीच्या दोन्ही बाजूंना वरून अर्धगोल खाचा केल्या. त्या खाचांमध्ये दुर्बिणीची नळी बसणार होती. मला ना मोटर, ना दात्यांची चाकं, ना बटणं. सुताराने मला पॉलिश पेपरने घासून पुसलं, चारी बाजूंनी पाहिलं आणि विचारलं, "सर, हे नक्की काय आहे? कोंबड्यांचं खुराडं?" सर पोट धरून हसले. मला मात्र राग आला, आणि तो अजून पुरता गेलेला नाही.

नळी सरांनी घरी केली होती. तिच्या तळाशी वाटीसारखा खोलगट आरसा होता. संध्याकाळी आम्ही दोघी शाळेच्या मैदानावर उभ्या राहायचो. मुलांची रांग लागायची, मुलांच्या मागे त्यांचे आईवडील, आणि रांगेत घुसणारेही असायचेच. जो तो नळीला डोळा लावायचा आणि म्हणायचा, "काय दुर्बीण आहे, सर! काय आरसा आहे!" नळी भाव खाऊन जायची. चंद्र सरकला की सर एका बोटाने नळी ढकलायचे. मी हळूच वळायचे आणि बोट काढलं की तिथल्या तिथे थांबायचे. हे थांबणं तुम्हाला सोपं वाटतं का? एका पायावर उभं राहून सुईत दोरा ओवून बघा, मग आपण बोलू. इतकी वर्षं मी काम केलं, पण "काय बैठक आहे!" असं एकाच्याही तोंडून निघालं नाही.

मग सर निवृत्त झाले आणि त्यांचे गुडघे कुरकुरू लागले. नळी चादरीत गुंडाळून त्यांच्या घरी कपाटामागे गेली. मी तिथे मावले नाही. मला त्यांच्या इमारतीच्या जिन्यात, वरच्या टप्प्यावर, गच्चीच्या दाराशी ठेवलं. तिथे भन्नाट वारा यायचा आणि दार आपटायचं. कोणीतरी मला दाराला टेकवलं. दुसऱ्या कोणीतरी माझ्यावर फुलझाडाची कुंडी ठेवली. कुंडीचं पाणी झिरपून माझ्या अंगावर गोल डाग पडला आणि एका बाजूचं प्लायवूड फुगलं. तरी सांगते, मी असेपर्यंत ते दार एकदाही आपटलं नाही. अपमान झाला म्हणून काम वाईट करायचं, हा माझा स्वभाव नाही.

त्याच इमारतीत एक मुलगी राहायची. घरात सगळ्यांत धाकटी, म्हणून तिला सगळे बारकी म्हणायचे. संध्याकाळी वाळलेले कपडे काढायला आईबरोबर गच्चीवर यायची आणि कपडे राहायचे बाजूला, ही आपली मान वर करून उभी. "ती चांदणी कोणती? ती लुकलुकत का नाही?" असे प्रश्न विचारून आईला भंडावून सोडायची. तिला दुर्बीण हवी होती. वाढदिवसाला दुसरं काही नको, असं तिने घरात जाहीर केलं होतं.

दुर्बीण निवडायचं काम तिच्या काकाने अंगावर घेतलं. काका मोबाइलच्या दुकानात काम करायचा आणि जगातली कुठलीही वस्तू आपल्याला कळते, असं त्याचं ठाम मत होतं. त्याने दुकानात एकच प्रश्न विचारला, "पॉवर किती?" ज्या खोक्यावर सगळ्यांत मोठा आकडा आणि कडीवाल्या शनीचं सगळ्यांत रंगीत चित्र होतं, तो खोका तो घेऊन आला. आणतानाच जिन्यात ओरडत होता, "बारके, असली भारी पॉवर आख्ख्या गल्लीत कोणाकडे नाही!"

त्या संध्याकाळी अर्धा चंद्र डोक्यावर होता. घरचे सगळे गच्चीवर जमले. मी दाराशी उभी राहून सगळं पाहत होते. चकचकीत पांढरी नळी होती, आणि तिच्याखाली तीन पाय. पाय कसले, छत्रीच्या काड्या! काकाने ते पुरते उंच केले आणि डोळ्याकडचं सगळ्यांत जास्त पॉवरचं भिंग बसवलं. वाऱ्याची झुळूक आली तरी नळी थरथरायची. कोणी बोट लावलं तर बोलायलाच नको.

काकाने डोळा लावला. बराच वेळ लावला. मग म्हणाला, "दिसलं! काय भारी दिसतंय!"

काकूने पाहिलं. "हो हो, दिसलं."

बाबांनी पाहिलं. "दिसलं दिसलं. छान आहे."

मग बारकीची पाळी आली. तिने एक डोळा मिटला, दुसरा लावला. मग डोळे बदलले. सगळे तिच्या तोंडाकडे पाहत होते.

"दिसलं ना?" काकाने विचारलं.

"दिसलं," बारकी म्हणाली. आवाज एवढासा झाला होता.

मित्रांनो, मी त्या धंद्यातली आहे. नळी इतकी थरथरत असताना कोणाला काही दिसणं शक्यच नव्हतं. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण मला तोंड नाही. बारकी सगळ्यांच्या आधी खाली निघाली आणि माझ्याशेजारी पायरीवर बसून एक डोळा झाकून समोरच्या भिंतीकडे बघू लागली. मग दुसरा झाकून. मग मुसमुसून रडली.

त्यानंतर ती गच्चीवर आली की मान खाली घालून कपडे काढायची. आई म्हणायची, "अगं, बघ ना, चांदण्या आल्यात." ती बघायची नाही. माझा जीव तुटायचा.

एकदा सर गुडघे धरत, धापा टाकत वर आले. डॉक्टरांनी त्यांना थोडं चालायला सांगितलं होतं. बारकी पायरीवरच बसली होती.

"काय गं बारके, नवी दुर्बीण कुठंय?"

"पलंगाखाली. मला नाही आवडत आकाश."

"अस्सं? कधीपासून?"

बारकीने जिन्यात कोणी नाही ना ते पाहिलं. मग एका दमात म्हणाली, "सर, माझा डोळा खराब आहे. सगळ्यांना दिसलं, मला एकटीलाच नाही दिसलं. घरी सांगू नका."

सर तिच्या शेजारी कसेबसे बसले. "सगळ्यांना काय दिसलं?"

"चंद्र."

"चंद्र तर नुसत्या डोळ्यांनीही दिसतो. चंद्रावर काय दिसलं?"

"ते कोणी सांगितलं नाही."

"मग विचार की! दिसलं म्हणणाऱ्याला लगेच पुढचं विचारायचं, काय दिसलं?" असं म्हणून सरांनी आधाराला हात टेकला, तो नेमका माझ्यावर. त्यांनी कुंडी उचलली, डागावरून बोटं फिरवली आणि म्हणाले, "अरे, तू इथे आहेस होय!" मला भरून आलं. मग स्वतःचाच राग आला, की एवढ्याशा बोलण्यावर मी विरघळले!

सर पुन्हा अर्धा चंद्र येईपर्यंत थांबले. अर्ध्या चंद्रावर ऊन तिरपं पडतं, त्यामुळे सावल्या लांब पडतात आणि खड्डे उठून दिसतात, असं त्यांनी बारकीला समजावलं. तोवर त्यांनी माझी फुगलेली कड घासून सरळ केली. चादरीतली नळी बाबांनी वर आणून दिली. दार धरायला माझ्या जागी वीट आली. मी गच्चीच्या मधोमध उभी राहिले.

काका हाताची घडी घालून आला. "सर, हा खोका? ह्याला मोटर पण नाही. ह्याची पॉवर किती?"

"कमीच आहे," सर म्हणाले आणि त्यांनी मुद्दाम सगळ्यांत कमी पॉवरचं भिंग बसवलं. काकाने नाक मुरडलं. मी मनात म्हटलं, मुरड बाबा, आणखी मुरड. मी तीन ठेंगण्या पायांवर उभी आहे, बघू कोण हलवतं!

बारकी पुढे यायला तयार नव्हती. सरांनी तिला हळूच म्हटलं, "नाही दिसलं तर 'नाही दिसलं' म्हण. कोणी रागावणार नाही."

तिने डोळा लावला. मग ती म्हणाली, "सर, हे हलतच नाहीये!"

ऐकलंत? चंद्राचं नाही, आरशाचं नाही, तिने पहिलं कौतुक माझं केलं. आयुष्यभराची भरपाई झाली.

"खड्डे आहेत," ती बोलतच सुटली. "खड्ड्यात आणखी एक खड्डा आहे. काठावर ऊन आहे आणि आत काळोख. अय्या, सरकला!" तिने एका बोटाने नळी ढकलली, मी वळले आणि थांबले. "आला परत!"

मग तिने डोळा काढला आणि वळून विचारलं, "काका, तुला त्या दिवशी काय दिसलं होतं?"

काकाने डोकं खाजवलं. "पांढरं काहीतरी... थरथरत होतं."

"काकू, तुला?"

"मला मेलीला माझ्याच पापण्या दिसल्या."

बाबा आधीच हसायला लागले होते. "मला काहीच नाही. सगळे दिसलं म्हणाले, म्हणून मीही म्हटलं."

बारकी कमरेवर हात ठेवून सगळ्यांकडे बघत राहिली. "म्हणजे माझा डोळा चांगला आहे! तुम्ही सगळे खोटं बोलत होतात!" एवढ्या मोठ्या माणसांना एकदम खाली माना घालताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

नव्या नळीचा तसा दोष नव्हता. सरांनी तिचे पाय आखूड केले, मधोमध वाळूची पिशवी टांगली, कमी पॉवरचं भिंग लावलं, तेव्हा तिच्यातूनही चंद्र बरा दिसला. पण बारकी माझ्याकडेच येते, हे मी सांगितल्याशिवाय राहणार नाही.

म्हणून मित्रांनो, दुर्बीण घ्यायला जाल तेव्हा आधी पॉवर विचारू नका. नळीला बोटाने हलकी टिचकी मारा आणि बघा, ती पटकन शांत होते की थरथरतच राहते. आणलीत की तिच्या बैठकीला पावसापाण्यापासून जपा. तिच्यावर कुंड्या ठेवू नका. आणि नाही दिसलं, तर मोठ्याने 'नाही दिसलं' म्हणा. दोष बहुतेक वेळा तुमच्या डोळ्यांचा नसतो.

मी आता बारकीच्या घरात, पलंगाशेजारी कोरड्या जागी असते. विटेच्याने काही ते दार धरवत नाही. गच्चीचं दार हल्ली वाऱ्याने धाडधाड आपटतं, आणि मला परत तिथे ठेवायची गोष्ट कोणीतरी मधूनमधून काढतं. आपटू दे. आज अर्धा चंद्र आहे, मला काम आहे.