बारावा नमुना

मावशीने मोरीचा नळ मुख्य चावीपासूनच बंद केला, संडासाच्या टाकीत निळी पूड टाकली आणि प्लास्टिकची डबी भिंगरीच्या हातात दिली.

"रेघेपर्यंत. आणि दार अर्धं उघडं."

"माहितीये हो. बारावी वेळ आहे मावशी. आता झोपेतसुद्धा रेघेपर्यंत भरेन."

सुधारगृहातल्या मुलींच्या लघवीचे नमुने दर मंगळवारी जात. नमुना घेताना कुणीतरी समोर उभं राहिलंच पाहिजे, असा नियम. पाणी मिसळलं नाही, दुसरीची खपवली नाही, हे डोळ्यांत तेल घालून बघायचं. नियम लिहिणारे वर पंख्याखाली बसत आणि मोरीच्या दारात मावशी उभी राही. बावीस वर्षं उभी होती.

भिंगरी सोळा वर्षांची. नशेच्या गोळ्यांपायी चोरी करताना सापडली होती. न्यायाधीशांनी तिला शिक्षेऐवजी उपचाराला पाठवलं आणि अट घातली: सलग बारा नमुने स्वच्छ आले की पोरगी घरी. एक जरी खराब आला तर मोजणी पुन्हा एकपासून, म्हणजे आणखी तीन महिने इथेच. अकरा स्वच्छ आले होते.

"झालं." भिंगरीने डबी पुढे केली.

डबी घेता घेता मावशीचं लक्ष तिच्या तोंडाकडे गेलं. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या. पोरगी नाक खाजवत होती, सावकाश, मजा घेत. मावशीने हे इतक्या पोरींचं पाहिलं होतं की तिला कुठल्या चाचणीची गरज नव्हती.

"काय खाल्लंस?"

"रिपोर्टमध्ये येईलच की." भिंगरी हसली. "नीट सील करा हं. सांडू नका."

"अगं मेल्ये, अकरा आठवडे घातलेस ना पाण्यात! शेवटच्या दिवशी?"

"मावशी, एक सांगू का? मला ना..."

"काही सांगू नकोस. मला काही ऐकायचं नाही. इथे सही कर आणि चालती हो. दिवसभर डोक्यावरून चादर घेऊन पड, कुणी विचारलं तर पोटात दुखतंय म्हण."

भिंगरीने सही केली. दारात ती एकदा थांबली, पण मावशीने पाठ फिरवली होती.

गेल्या वर्षी अशीच एक दहाव्या आठवड्याला घसरली होती. मावशीने तिचा नमुना नियमाप्रमाणे पाठवला. मोजणी पुन्हा सुरू झाली तशी त्या पोरीने तिसऱ्या दिवशी कुंपणावरून उडी मारली. महिन्याभराने सापडली तेव्हा अठरा वर्षं उलटलेली होती, म्हणून मोठ्यांच्या तुरुंगात गेली. तिची आई फाटकाशी आली, रडली नाही, भांडली नाही. एवढंच म्हणाली, "तुमचं काय गेलं असतं?" मावशीला तेव्हापासून घास नीट गिळता येत नव्हता.

तिने भिंगरीची डबी संडासात उपडी केली. निळ्या पाण्यात पिवळं मिसळून हिरवं झालं. मग तिने दार आतून लावलं, खोक्यातली नवी डबी घेतली आणि स्वतः बसली. डबीच्या बाजूची तापमानाची पट्टी लगेच हिरवी झाली: नमुना ताजा, अंगातून आत्ता निघालेला. तिने भिंगरीच्या सहीची चिठ्ठी चिकटवली आणि सील लावलं. चांगुलपणाचाही एक माज असतो, तो तिला चढला होता. त्या दिवशी ती पोटभर जेवली.

पुढच्या सोमवारी रिपोर्ट आला. समुपदेशक मॅडमनी भिंगरीला खोलीत बोलावलं. मावशी कपाटाच्या किल्ल्या द्यायला आली होती, ती दारातच रेंगाळली. पोरीचं तोंड बघायचं होतं तिला.

"बारापैकी बारा!" मॅडमनी कागद उंच धरला. "माझ्या सहा वर्षांतली तू चौथी. सोडायचा आदेश तयारच होता, तुझ्या दादाला फोनसुद्धा केलाय. दुपारी येतोय न्यायला."

भिंगरी खुर्चीच्या कडेवर बसली होती.

"परत बघा."

"अगं बघितलं. स्वच्छ आहे."

"मॅडम, मी गोळी खाल्ली होती. मंगळवारी सकाळी."

मॅडम हसल्या. "खाऊन नाही म्हणणाऱ्या शंभर पाहिल्या. न खाता हो म्हणणारी तू पहिलीच. घरी जायच्या आधी धाकधूक होते गं, सगळ्यांनाच होते."

"रविवारी भेटीला आला तेव्हा दादाने दिली. साबणाच्या वडीत खोचून. म्हणाला, सुटतेयस, सवय मोडायला नको." भिंगरी भराभरा बोलू लागली. "पहिली गोळीपण त्यानेच दिली होती. त्याचा माल कोण पोचवायचं? मी. दप्तरातून. मी घरी गेले की परत तेच."

मॅडमचं हसू ओठांवरच वाळलं. "मग हे आधी नाही सांगायचं? तुला इथे पाठवण्याआधी तुमच्या घरी आले होते तेव्हा विचारलं होतं मी तुला."

"आईसमोर विचारलंत. आणि दादा तुमच्यासाठी खुर्ची पुसत होता."

मॅडमनी फाईल उघडली. 'घरचे वातावरण: समाधानकारक.' त्यांचंच अक्षर होतं. त्यांनी फाईल मिटली.

"तीन महिन्यांनी मला सतरा पूर्ण होतात," भिंगरी म्हणाली. "सतराला शिवणकामाच्या वसतिगृहात घेतात, तुम्हीच सांगितलंत. तिथून मला कुणी घरी नेणार नाही. मधले तीन महिनेच तेवढे पाहिजेत मला. ते इथे कसे मिळतात? एक नमुना खराब आला की. म्हणून खाल्ली. ठेवली होती दोन दिवस जपून, मंगळवारपर्यंत. हात लावला नाही तिला. सोपं नव्हतं ते."

बाहेर कुणीतरी बादली घासत होतं.

"आज परत नमुना घेतला तरी सहा दिवसांनी त्यात काय निघणार?" मॅडम शेवटी म्हणाल्या. त्यांचा आवाज आता हलका झाला होता. "कोर्टापुढे मी काय ठेवू? तुझं तोंडचं बोलणं एकीकडे आणि हे बारा कागद एकीकडे."

"मावशींना विचारा. त्या समोर होत्या. त्यांना कळलं होतं."

दोघींनी दाराकडे पाहिलं.

मावशीने किल्ल्यांचा जुडगा या हातातून त्या हातात घेतला. निवृत्तीला चौदा महिने उरले होते. खरं बोललं तर नोकरी जाणार, वर खटला. कोर्टात उभं राहून सांगावं लागणार, डबीत काय होतं आणि कुणाचं. आणि खोटं बोललं तर... त्यापुढचं तिने मनात येऊच दिलं नाही.

"नमुना माझ्यासमोरच घेतला," मावशी म्हणाली. "पट्टी हिरवी होती."

यातला एक शब्दही खोटा नव्हता.

भिंगरी तिच्याकडे बघत राहिली. आधी न कळून, मग हळूहळू कळत. मग तिने मान खाली घातली आणि फ्रॉकचा निघालेला दोरा बोटाला गुंडाळू लागली. ती ओरडली असती, अंगावर धावून आली असती, तर आपण तोंड उघडलं असतं, असं मावशी पुढे स्वतःला कितीदा सांगणार होती. पण भिंगरी ओरडली नाही. मॅडमनी सोडण्याच्या आदेशावर सही केली आणि बराच वेळ पेनाचं टोपण शोधत राहिल्या.

दुपारी दादा आला. इस्त्रीचा शर्ट, हातात दोन हेल्मेट. एक नवं कोरं होतं.

"मावशी, फार केलंत हो तुम्ही हिच्यासाठी. आई म्हणत होती, देवमाणूस आहे."

मावशीने नोंदवही पुढे केली. दादाने सुबक अक्षरात नाव लिहिलं, नात्यासमोर 'मोठा भाऊ' लिहिलं आणि बहिणीची पिशवी उचलली. भिंगरी सहीला वाकली. तिचे केस वहीवर आले, त्यामुळे तिचं तोंड फक्त मावशीला दिसत होतं.

"अभिनंदन मावशी," ती पुटपुटली. "तुम्ही एकदम स्वच्छ निघालात."

"काय म्हणतेय?" दादाने विचारलं.

"काही नाही," मावशी म्हणाली.

ऑफिसची खिडकी उघडी होती. मॅडम अजून तिथेच बसल्या होत्या, फाईलमध्ये मान घालून. फाटकापासून वीस पावलं. हाक मारली असती तरी ऐकू गेली असती.

दादाच्या एका हातात पिशवी होती, दुसऱ्यात हेल्मेट.

"मावशी, जरा दार उघडता?"

मावशीने कडी काढली. फाटक जड होतं, सोडलं की आपोआप मिटायचं. म्हणून दोघं बाहेर पडेपर्यंत तिने ते धरून ठेवलं.