बाटलीवर राहिलेले दोन शब्द

मी एका बाटलीतला जुना काळा द्रव आहे. वय दोन महिने. हसू नका मित्रांनो, आमच्यात एवढ्यातच म्हातारपण येतं. माझ्यात लोखंडाचे अतिसूक्ष्म कण तरंगतात, म्हणजे तरंगत होते.

बडोद्याच्या एका प्रयोगशाळेत मैथिलीने मला घडवलं. उघडे कण एकमेकांना चिकटून बसतात, म्हणून तिने प्रत्येकाला साखरेच्या कुळातल्या पदार्थाचा अंगरखा चढवला. पंधरा वेळा फसली, सोळाव्यांदा मी जमलो. मला उंदराच्या अंगात टोचलं की एमआरआयच्या चित्रात निरोगी यकृत काळं पडतं आणि गाठ तेवढी उजळ उरते. तिच्या सरांनी पाठ थोपटली, तेव्हा मीही फुगलो होतो. चार महिने आधीच नाव नोंदवून तिला त्या मशीनवर सोळा जानेवारीचा दिवस मिळाला होता. मार्चमध्ये प्रबंध द्यायचा होता.

मध्येच उत्तरायण आलं, म्हणजे गुजरातेतली पतंगांची दोन दिवसांची सुट्टी. पतंगाच्या दोऱ्याने तारा तुटतात, लाइट जाते, फ्रीज बंद पडतो, हा आमच्या जुन्या परिचरांचा, विश्वंभरकाकांचा, तीस वर्षांचा अनुभव. सुट्टीआधी त्यांनी मला फ्रीजमधून उचललं आणि थेट डीप फ्रीझरमध्ये ठेवलं. का, तर त्यांच्या मांजलपूरच्या घरी तुरीचे लीलवे, म्हणजे हिरवे दाणे, फ्रीझरमध्ये वर्षभर टिकतात! अहो काका, मी काय उंधियूच्या भाजीत पडणार होतो?

माझा बर्फ झाला. बर्फाने कणांना एकमेकांवर रेटलं, अंगरखे विसकटले. वितळल्यावर तळाशी नुसता गाळ, आणि गाळ काही टोचता येत नाही.

सोळा तारखेला मैथिलीने बाटली उजेडात धरली. हलवली, पुन्हा हलवली.

"मैथिलीताई, मी भल्यासाठीच ठेवली हो," काका म्हणाले. "लाइट गेली असती तर?"

ती चिडेल म्हणून मी वाट पाहत होतो. तिने बाटली फिरवून लेबल पाहिलं. त्यावर तारीख आणि तिची आद्याक्षरं होती, बस.

"तुम्हाला कसं कळणार, काका? मीच नाही लिहिलं."

आता मशीन जूनमध्ये मिळेल. मार्चचा प्रबंध राहिला. लाइट मात्र दोन्ही दिवस एकदाही गेली नाही, याचाच मला जास्त संताप येतो.

मित्रांनो, दुसऱ्याची वस्तू जपायला निघालात तर आधी त्याला विचारा. आणि आपली वस्तू नाजूक असेल तर सांगून ठेवा, लोक मनातलं वाचत नाहीत. माझ्या अंगरख्यावर या मुलीने दोनशे पानं लिहिली. बाटलीवर 'गोठवू नका' एवढंच लिहायचं राहिलं.