शाबूत कोपरा

सहदेव गेल्यावर त्यांच्या बायकोने, शेवंतीकाकूंनी, त्यांचे सगळे दगड माजिवड्याच्या एका कॉलेजच्या संग्रहालयाला दिले. सहदेव खाणीतली यंत्रं दुरुस्त करायचे आणि सुरुंगाने फुटलेल्या कातळात सापडलेले स्फटिक डोंबिवलीला घरी आणायचे. कॉलेजची माणसंच येऊन सगळं बांधून घेऊन गेली होती.

दालन उघडल्यावर काकू बघायला गेल्या. मधल्या कपाटात घरातला मोठा हिरवा स्फटिक होता, खाली सहदेवांचं नाव. काकू बघतच राहिल्या. पुढचा कोपरा शाबूत होता.

तो कोपरा त्यांच्याच हातून तुटला होता, अकरा वर्षांपूर्वी, धूळ पुसताना. नवऱ्याला कळू नये म्हणून त्यांनी तुटकी बाजू भिंतीकडे फिरवली आणि परत कधी त्याला हात लावला नाही.

"हा आमचा नाही," त्या तिथे नोंदी ठेवणाऱ्या आनंदला म्हणाल्या.

"तुमचाच आहे काकू. इथल्या लाइटमध्ये वेगळा दिसतो."

"कपाट उघड बघू."

"किल्ली सरांकडे असते." बोलताना तो नजर चुकवत होता.

काकूंच्या मनात पाल चुकचुकली. असला स्फटिक बाहेर कितीला जातो, हे त्यांनी सहदेवांकडून ऐकलं होतं. चार दिवसांनी त्या न कळवता परत गेल्या. कपाटातली ती जागा रिकामी होती. काकू तडक आतल्या खोलीत शिरल्या.

आनंद टेबलापाशी बसला होता. स्फटिक पुढ्यात, वर जांभळा दिवा.

"कोणाला विकतोयस?"

तो दचकला, मग बाजूला सरकला. "तुम्ही आमचा नाही म्हणालात, म्हणून परत तपासतोय. इथे बघा."

कोपऱ्याभोवती एक बारीक रेघ पांढरट चमकत होती.

"हा तुकडा चिकटवलेला आहे. या दिव्यात गोंद चमकतो. नोंद करतानाच दिसलेलं मला. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

"कोणी चिकटवला?"

"आमच्याकडे यायच्या आधीचं आहे. गोंद पिवळा पडलाय, बरीच वर्षं झालेली असणार."

तुकडा काकूंनी तुळशीच्या कुंडीत खोल पुरला होता. त्या कुंडीची माती दरवर्षी सहदेवच बदलायचे.

काकूंना आधी रागच आला. सहदेवांना माहीत होतं, तर एका शब्दाने बोलायचं होतं. इतकी वर्षं घरातल्या कपाटाजवळ ते नुसते उभे राहिले, तरी काकू काहीतरी निमित्त काढून त्यांना दुसरीकडे बोलवायच्या.

त्या खुर्चीत टेकल्या. "तुला चोर समजले रे मी," त्या आनंदला म्हणाल्या.

"कळलं मला ते," तो म्हणाला आणि पाण्याचा ग्लास त्यांच्यापुढे ठेवून त्याने दिवा बंद केला.