फरशी माझ्याकडं

गिरकी अर्ध्यावरच मोडली आणि दीपा भिंतीकडच्या दांडीवर जाऊन आदळली. दांडी धरून तिनं डोळे मिटून घेतले.

दाराशी खुर्चीत बसलेल्या रत्नाबाईंनी पदर सावरला. त्या आज हे बंद पाडायलाच आल्या होत्या. दोन पोरांची आई, चाळिशी उलटलेली बाई, राजारामपुरीत कुणाच्या माडीवर जाऊन तंग विजार घालून बॅले का काय ते शिकते आणि गुडघा काळानिळा करून घरी येते! सुनेला बोलून झालं होतं. मास्तरीणबाई तेवढी राहिली होती.

"काय गं पोरी," त्या मास्तरीण अवनीला म्हणाल्या, "माझी सून घाण्याला जुंपलीयास व्हय?"

अवनी हसली. "आजी, आज गिरकी जमली तर रविवारच्या कार्यक्रमात ताई पुढं नाचणार. नाही जमली तर ताईंचा नाच काढून टाकायचा, असं ठरलंय."

"मग टाक की काढून. कुणाचं काय अडलंय?"

"माझं अडलंय, आत्ती," दीपा म्हणाली.

सासूला उलट बोलायची तिची ही पहिलीच खेप.

आरशावर, डोळ्यांच्या उंचीला, अवनीनं लाल टिकली चिकटवली होती. नजर टिकलीवर ठेवायची, अंग वळू द्यायचं, मान मागं राहू द्यायची. अगदीच ताण आला की मान झटक्यात फिरवून अंगाच्या आधी टिकली गाठायची. मग चक्कर येत नाही.

दीपा वळली. मानेनं झटका घेतला, पण नजर टिकलीवर न जाता फरशीवर उतरली आणि तोल गेला. पुन्हा उठली. पुन्हा तेच. घामानं केस कपाळाला चिकटले, तरी 'असू दे आता' म्हणाली नाही. रत्नाबाईंच्या मळ्यातले गडी एवढ्यात दोनदा चहाला गेले असते.

"ताई, खाली काय बघताय सारखं?" अवनी वैतागली.

दीपा ओशाळली. "मुंग्या हायत. त्या कोपऱ्यातनं रांग आलीया. बघितल्याबिगर पाय टेकवतच न्हाय."

"एवढंच ना? थांबा, मुंग्या मारायचा खडू ओढते."

"खबरदार!" रत्नाबाई कडाडल्या. अवनीचा हात कपाटावरच थांबला.

त्या स्वतः जन्मभर चार हात पुढची जमीन बघतच चालत आल्या होत्या, पायाखाली जीव येऊ नये म्हणून. पण त्यांना कधी गिरकी घ्यायची नव्हती. दीपाला मुंग्याही तुडवायच्या नव्हत्या आणि नाचही सोडायचा नव्हता. रत्नाबाईंनी खुर्ची सोडली.

कोपऱ्यात कुणीतरी सांडलेला लाडवाचा चुरा त्यांनी कागदावर उचलला, खिडकीबाहेर कट्ट्यावर ठेवला. पदराच्या टोकानं फरशी हलकेच झाडत रांग तिकडं वळवली. मग गुडघ्यावर हात देत कण्हत खाली बसल्या.

"फरशी माझ्याकडं. तू वर बघ."

"आत्ती, तुम्ही खाली कशाला..."

"एका बी जिवाला तुझ्या पायाखाली येऊ देत न्हाय. फीर."

रत्नाबाईंची नजर फरशीवर खिळली. चुकार एक मुंगी सुनेच्या पावलाकडं निघाली होती. त्यांनी तिच्यापुढं बोट आडवं धरलं. ती नखावर चढली. डोक्याच्या वर दीपाचा सदरा सळसळला, वारा लागला. टाच उठली, चवडा भिंगरीसारखा फिरला आणि पाऊल उठलं होतं तिथंच येऊन, न डगमगता, टेकलं. कसं नेमकं टेकलं! जणू त्या जागेवर तिचं नाव होतं.

अवनी किंचाळली. तिनं टाळ्या वाजवल्या.

"आजी! बघितलं का?"

"कुठनं बघू? मी कामात हाय."

दीपा धापा टाकत हसत होती. रत्नाबाईंनी मान वर केली नाही. बोटावरची मुंगी अलगद खिडकीकडं नेत त्या म्हणाल्या,

"हिला उतरू दे. मग परत फीर."