बारा गोळे

"ह्ये मेलंय का जितं हाय?" रोहिदासनं लांबूनच विचारलं.

वाटीतल्या कोमट साखरपाण्यावर फेस धरला होता. आजारी म्हशीच्या तोंडाला येतो तसला, पिवळट, बुडबुडे फुटणारा.

"यीस्ट हाय त्ये. फेस आला म्हंजी जितं," अनिता म्हणाली.

"आन् असलं खायचं?"

"तुमाला कोन देतंय?"

तिनं तो फेस मैद्यावर ओतला, मीठ-तेल घातलं आणि मळायला घेतलं. सुरुवातीला ते पीठ नव्हतंच. शेंबूड होता. बोटांना लोंबत होतं, मनगटाला चिकटत होतं आणि वासही असा, की शिळ्या ताकात कुणी मोजा पिळावा. बशीतला चहा अर्धा ठेवणं रोहिदासच्या खानदानात कुणाला जमलं नव्हतं, आज त्याला जमलं.

पण अनिता पेटली होती. टॉवरमधल्या विजयश्री मॅडमच्या पोराचा वाढदिवस होता. पोरं स्वतःच्या हातानं पिझ्झा लाटणार होती, त्यासाठी घरी मळलेले बारा गोळे पाहिजे होते, संध्याकाळी पाचला. अनिताची ही पहिली ऑर्डर. जमलं, तर मॅडम तिचा नंबर सोसायटीच्या ग्रुपवर टाकणार होत्या. चारशे फ्लॅट! दोन दिवस ती झोपेतसुद्धा मळत होती.

आणि नेमकी डिसेंबरची थंडी आडवी आली. तासाभरानं तिनं कापड उचललं. गोळा होता तेवढाच, मुडद्यासारखा गार.

"फुगंना की वो! याला ऊब पायजे."

"ऊब?" रोहिदास बूट घालता घालता हसला. "आगं, मी ऊबंतच कामाला हाय. आन हिकडं."

चाकणच्या एमआयडीसीत रोहिदास भट्टीवर होता, बावीस वर्षं. गिअर लालबुंद करायचे आणि तेलाच्या हौदात सोडायचे. प्रत्येक वेळी भसकन काळा धूर उठायचा. भट्टीशेजारच्या विजेच्या पॅनलचा माथा कायम गरम, त्यामुळं अख्खी शिफ्ट आपले डबे तिथंच तापवायची. निघोज्याच्या घरून बाइकवर आलेला मोठा डबा रोहिदासनं तिथं मांडला. झाकण लावलं तर उडेल म्हणून अनितानं वर नुसतं कापड बांधलं होतं.

दहाच्या चहाला कापड वर आलं होतं. बाराला त्याचं सात महिन्यांचं पोट झालं.

"रोहिदासभाऊ," सोनू ओरडला, "डब्याला कळा आल्या राव! डॉक्टरला बोलवू का?"

"तुज्या आईला सांग, आत्या झाली म्हनून."

साडेतीनला शिफ्ट सुटल्यावर त्यानं डबा घरी आणला. अनितानं कापड सोडलं, नाक आत घातलं आणि तिचा चेहरा उजळला. "काय झ्याक आंबलंय! कसला भारी वास!" तिनं बारा गोळे वळले, एकसारखे, गुबगुबीत. रोहिदासनं नाक मुरडलं, पण इस्त्रीचा शर्ट घातला आणि निघाला.

आठव्या मजल्यावर दार उघडलं. आत फुगे, पोरांचा कालवा. मॅडम हसल्या आणि एक पाऊल मागं सरकल्या.

"दादा, अंगावर डिझेल-बिझेल सांडलंय का?"

"न्हाई मॅडम. कंपनीतनं आलोय, त्यो वास असंल." रोहिदास लिफ्टपाशी सरकला आणि हात लांब करून डबा पुढं केला.

मॅडमनी झाकण उघडलं. सकाळी यीस्टकडं बघून रोहिदासनं जे तोंड केलं होतं, नेमकं तेच तोंड त्यांचं झालं.

"दादा… यातसुद्धा आहे हो तो वास. जळक्या तेलाचा. मुलांना कसं देऊ मी?" दोन बोटांनी त्यांनी झाकण लावलं. "मी मागवते बाहेरून. ताईंना वाईट वाटेल, तुम्ही काहीतरी सांगा."

खाली पार्किंगमध्ये रोहिदासनं डब्यात नाक खुपसलं. आंबूस. बाकी काही नाही. पुन्हा हुंगलं. काही नाही.

तिसऱ्याचं मत पाहिजे म्हणून त्यानं कोपऱ्यावरच्या कचऱ्यापाशी गाडी लावली. तिथं एक कुत्रं वापरलेला डायपर मोठ्या चवीनं चावत होतं. रोहिदासनं एक गोळा त्याच्यापुढं टाकला. कुत्र्यानं हुंगलं, मग ते शिंकलं आणि परत डायपरकडं वळलं.

"आयला तुज्या!"

मग त्यानं दुसरा गोळा स्वतःच चावला. कच्चा, चिकट, टाळूला फेविकॉलसारखा बसला. पण तेल? तेल कुठंच लागेना.

आणि अनितानंही हुंगलं होतं. चांगलं खोल. तिलाही नुसता आंबूसच आला होता.

एकाच बादलीत त्याचे आणि तिचे कपडे. एकच गोधडी. परवा ऑर्डर घ्यायला ती ठेवणीतली साडी नेसून, पावडर लावून त्याच दारात उभी राहिली होती. घरी येऊन म्हणाली होती, "लई गोड बाई हाय, दारातनंच बोलली, पन किती गोड!"

रोहिदासनं उरलेले गोळे कचऱ्यात ओतले. डबा दगडावर दोनदा आपटून पोचे पाडले, इस्त्रीचा शर्ट आणि पँटचा गुडघा धुळीत चोळला.

"पडलो," दारातूनच तो म्हणाला.

"पडला? आन् माजं गोळं?"

"गटारात."

"आवो, बावीस वरीस पेटलेलं लोखंड धरताय, आन् बायकोचा येक डबा धरवंना?" अनिता कडाडली. धांदरट, आंधळा, सगळं म्हणून झालं. रोहिदास मान खाली घालून खाल्लेल्या शिव्या पचवत होता. त्या पिठापेक्षा बऱ्या होत्या.

थोड्या वेळानं तिनं डोळे पुसले आणि मैद्याचा पुडा काढला. "वाढदिवस हुकला, पन उद्या परत करून देते त्यांना. तुमच्या पॅनलवरच ठिवा. तिथं झ्याक फुगतंय."

"नको. हितंच फुगू दे. लागंना का येळ."

"लई लागलंय का? बघू गुडगा."

ती जवळ आली तसा रोहिदास दोन पावलं मागं सरकला आणि त्यानं खिडकी सताड उघडली.

"थंडी येतीया की!"

"येऊ दे," तो म्हणाला.