बाबांना ओंडक्यावर बसवलं तो दिवस

थोरल्या दिराला कसलाही नाद लागला की तो सगळ्या घराला लावल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही. या खेपेला नाद होता जिओकॅशिंगचा. कुणीतरी अनोळखी माणूस जंगलात एक डबा लपवतो, त्या जागेचा ठावठिकाणा ॲपवर टाकतो आणि बाकीच्यांनी मोबाइल हातात धरून तो हुडकायचा. सापडला की आतल्या कागदावर नाव लिहायचं, एखादी बारकीशी वस्तू घ्यायची, बदल्यात आपली एक ठेवायची आणि डबा होता तिथे परत.

खेळ वाईट नव्हता. खार तर त्यावर खूश होती. झाडावर सरसर चढते म्हणून नऊ वर्षांच्या पोरीला घरात सगळे खारच म्हणत. डब्यात ठेवायला तिने एक लाकडी बटण निळं रंगवून आणलं होतं.

खारीची आई शहर बस चालवायची. रविवारची सुट्टी तिच्या वाट्याला क्वचित यायची. ती सुट्टी या दिराबरोबर घालवायची तिला मुळीच इच्छा नव्हती, पण पोरीसाठी ती निघाली. गाडी तिची, चालवत होती तीच, आणि शेजारी बसून दीर प्रत्येक वळणावर तिला "हळू, आता डावीकडे" असं शिकवत होता. मागे तिचा नवरा, खार आणि सासरे. सासऱ्यांनी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. आता गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून काठी घेऊन चालायचे.

जंगलाच्या तोंडाशी गाडी लावून सगळे आत शिरले. थोडं चालल्यावर पायवाट चढाला लागली. दीर थांबला, मागे वळून म्हणाला, "बाबा, तुम्ही या ओंडक्यावर बसा. आम्ही हे गेलो आणि हे आलो. तुमच्या चालीने गेलो तर इथेच अंधार पडेल."

"मी थांबते बाबांजवळ," ती म्हणाली.

"कशाला? बाबा काय कुक्कुलं बाळ आहेत?"

बाबांचा चेहरा उतरला. "जा पोरी," ते म्हणाले. "बसतो मी."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो बुटाची नाडी बांधत होता. बांधलेलीच होती, तरी बांधत होता. दिराचा स्वभाव तिला नवा नव्हता. त्याच्यावर चिडून चिडून ती थकली होती. तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची ती नवऱ्यामुळे. थोरला भाऊ समोर आला की हा मिठाची गुळणी धरून बसायचा.

वर गेल्यावर दीर मोबाइल नाचवत इकडे तिकडे फिरला, झुडपं उपटायची तेवढी बाकी ठेवली. डबा सापडला तो खारीला, एका वाकड्या झाडाच्या मुळांखाली, सालीच्या तुकड्याने झाकलेला.

"काका, सापडला!"

काकाने तो तिच्या हातातून काढून घेतला. झाकण उघडलं, कागदावर स्वतःचं नाव लिहिलं, डबा छातीशी धरून धाकट्या भावाला फोटो काढायला लावला. खार बटण मुठीत धरून उभी होती.

"भाऊजी, डबा तिला सापडलाय," खारीची आई म्हणाली. "आयत्या बिळावर नागोबा होऊ नका."

"पोरांच्या खेळात एवढं मनाला लावून घ्यायचं नसतं," तो म्हणाला आणि डबा पुन्हा मुळांखाली सारला. निळं बटण खारीच्या मुठीतच राहिलं. "चला, पुढचा डबा इथून जवळच आहे."

"बाबा खाली बसलेत."

"बसलेत ना? मग बसू देत."

नवरा हळूच म्हणाला, "आलोच आहोत तर तेवढा बघून घेऊ."

तिने तोंड उघडलं असतं तर झाडावरची पाखरं उडाली असती. तिने खारीचा हात धरला आणि उताराला लागली.

ओंडका रिकामा होता.

तिने हाका मारल्या. खारीने मारल्या. पायवाटेच्या खालच्या अंगाला झुडपांत काहीतरी हललं आणि घोगरा आवाज आला, "इकडे."

लघवीला म्हणून ते आडोशाला गेले होते आणि ओल्या पाल्यावरून घसरून एका खोलगट चरात पडले होते. काठी हाताला लागत नव्हती. विजार गुडघ्यापर्यंत चिखलाने माखली होती, तळहात सोलला होता. ती खाली उतरली, त्यांच्या काखेत हात घालून त्यांना बसतं केलं, मग उभं केलं. खारीने काठी शोधून वरून पुढे धरली.

"हाका मारल्या मी," बाबा म्हणाले. "दोन्ही पोरांच्या नावाने. मग बंद केलं. लाज वाटली, पोरी." ते संतापले होते.

गाडीपाशी पोचून तिने त्यांना मागच्या सीटवर आडवं केलं, पाण्याने हात धुतला. तेवढ्यात दोघे भाऊ हसत हसत आले. दुसरा डबाही सापडला होता.

दिराने चिखल पाहिला. "बाबा, तुम्हाला हलू नका म्हणून सांगितलं होतं ना?"

तिने गाडीचं दार लावलं. दोघांच्या समोर उभी राहिली. आवाज तिने चढवला नाही.

"भाऊजी, माझ्या बसमध्ये म्हातारा माणूस चढला की तो बसेपर्यंत मी बस हलवत नाही. तो माझा कुणी नसतो. हे तुमचे वडील आहेत." मग ती नवऱ्याकडे वळली. "आणि तू. तुला बोलता येतं का, हे मला लग्नाआधी विचारायला हवं होतं."

"अगं, दादा म्हणाला म्हणून..."

"मग दादाबरोबरच ये."

ती खारीला घेऊन गाडीत बसली. दीर पुढच्या दाराशी आला तेव्हा दार आतून बंद होतं. त्याने काचेवर बोटं वाजवली. तिने गाडी मागे घेतली, वळवली आणि निघाली. मागून बाबा एवढंच म्हणाले, "आरशात बघू नकोस."

नवरा संध्याकाळी घरी आला. ती बाबांच्या गुडघ्याला शेक देत होती. सूज होती, पण डॉक्टर म्हणाले होते की सांधा जागेवर आहे.

"दादा म्हणतो, तू त्याची माफी मागायला हवी."

"आणि तू काय म्हणतोस?"

बाबांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि ते पाहतच राहिले. शेवटी त्याने खिशातून मोबाइल काढला. "दादा," तो म्हणाला, आणि घसा खाकरला. "चूक आपली होती. तुझी आणि माझी. तिने माफी मागायचा प्रश्नच नाही." पलीकडून जो आरडाओरडा झाला तो खोलीत सगळ्यांना ऐकू आला. त्याने फोन बंद केला नाही, शब्दही मागे घेतला नाही. कान लाल होईपर्यंत ऐकत राहिला.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं."

"एक वाक्य बोललास. बरं केलंस. पण माझा राग एका वाक्यात जाणारा नाही."

तिने शेकायची पिशवी त्याच्या हातात दिली, बाबांच्या गुडघ्याकडे बोट दाखवलं, आणि उशी उचलून खारीच्या खोलीत झोपायला गेली.